देव न मानणारे कृष्णाकाठचे आगरकर

दत्तजयंतीच्या अंकासाठी दरवर्षी एखाद्या सत्पुरुषाचे चरित्र लिहावे असा आपला प्रघात आहे. यंदा मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांचे नाव वाचून काही भाविक वाचक चष्मा पुसून पुन्हा बघतील. गोपाळ गणेश आगरकर. ज्यांनी आयुष्यात कधी नवस केला नाही आणि देव आहे असे कधी म्हटले नाही, ते आगरकर. त्यांचे चरित्र दत्ताच्या अंकात कशाला, असे कोणी विचारले तर माझे उत्तर साधे आहे. देव मानणारी माणसे का मानतात हे आपण नेहमीच वाचतो. न मानणारा का मानत नाही हे त्याच्या आयुष्यात शिरून बघायची तसदी आपण घेत नाही. आणि आज आपल्यापैकी कितीतरी घरांत आरतीच्या वेळी एखादा मुलगा नाही तर सून आतल्या खोलीत बसून राहते. त्यांना काय म्हणावे हे आपल्याला कळत नाही, मग आपण रागावतो किंवा गप्प बसतो.

दुसरे कारण थोडे माझे आहे. बँकेच्या नोकरीत काही वर्षे माझी बदली कराडला झाली होती. पीककर्जासाठी टेंभूचे शेतकरी आमच्या काउंटरवर येत. टेंभू हे नाव आता उपसा सिंचन योजनेमुळे सगळ्यांना ठाऊक झाले आहे. कागदपत्रे तपासताना एका वयस्क शेतकऱ्याने मला अभिमानाने सांगितले की हे आगरकरांचे गाव. गळ्यात तुळशीची माळ असलेला तो माणूस नास्तिकाचा अभिमान सांगत होता. तेव्हापासून आगरकर माझ्या डोक्यात राहिले.

टेंभू कृष्णेच्या काठावर आहे, कराडच्या खालच्या बाजूला. तिथून कृष्णामाई पुढे औदुंबरला जाते, सांगलीवरून नृसिंहवाडीला जाऊन पंचगंगेला मिळते. म्हणजे नृसिंहसरस्वती महाराजांनी बारा वर्षे जिथे वास केला त्या वाडीच्या घाटाला लागणारे पाणी आधी टेंभूवरून आलेले असते. १४ जुलै १८५६ रोजी या गावी एका गरीब ब्राह्मण घरात आगरकरांचा जन्म झाला. आणि त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५४ च्या श्रावणात, सावंतवाडीजवळच्या माणगावला गणेशभट टेंबे आणि रमाबाई यांच्या पोटी वासुदेव जन्मले होते, जे पुढे आपले वासुदेवानंद सरस्वती, टेंबे स्वामी महाराज झाले. वडिलांचे नाव दोघांच्याही घरी गणेश. जात एक, गरिबी एक, काळ एक. एकाने दंड हाती घेऊन दत्तभक्तीचा महापूर आणला आणि दुसऱ्याने त्याच वर्षांत देवाची कल्पना माणसाच्या मनात कशी उपजली असेल याची चिकित्सा छापून काढली. दोघांची भेट झाली नाही. पण मला ही दोन माणसे नेहमी शेजारी शेजारी दिसतात.

आगरकरांचे बालपण म्हणजे परक्या घरचे अन्न. शिक्षणासाठी कराडला आजोळच्या माणसांत राहिले. पुढच्या शिक्षणासाठी रत्नागिरी गाठली, तिथे सोय लागेना म्हणून परत आले. आजच्यासारखी एस. टी. नव्हती, हे सगळे पायी. कराडच्या मुन्सफ कोर्टात थोडे दिवस कारकुनी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. माझ्यासारख्या कारकुनाला हे वाचताना बरे वाटते, कारण पोटासाठी खालमानेने केलेल्या कामाची किंमत ज्याला कळते तोच पुढे पैशाला लाथ मारतो तेव्हा त्या लाथेला अर्थ असतो. नंतर नातेवाइकांच्या आधाराने ते वऱ्हाडात अकोल्याला गेले. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या शिक्षकाचा लोभ जडला आणि मॅट्रिक झाली. मग पुणे, डेक्कन कॉलेज. एकच सदरा होता, तो रात्री धुऊन वाळत टाकायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचे, ही हकीकत शाळेच्या पुस्तकांतून आपण सगळ्यांनी वाचलेली आहे.

आता इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. आपल्याकडे कीर्तनात नेहमी सांगतात की पोट भरले, पैसा आला, की माणसाला देव आठवत नाही, आणि दुःख आले की आठवतो. आगरकरांना हे लागू पडत नाही. त्यांचे पोट कधी भरलेलेच नव्हते. शिवाय दम्याचा विकार तरुण वयापासून मागे लागला होता. आपल्या वाडीला, गाणगापूरला, औदुंबरला जी माणसे येतात त्यातली निम्मी आजार आणि अडचण घेऊन येतात. त्यात लाज नाही. मीही गेलो आहे. पण ज्या दोन दारांनी बहुतेक माणसे देवाकडे येतात, गरिबी आणि आजार, त्या दोन्ही दारांत आगरकर जन्मभर उभे होते आणि आत आले नाहीत.

मग म्हणतात इंग्रजी पुस्तकांनी बिघडवले. मिल आणि स्पेन्सर या दोन ग्रंथकारांचा आगरकरांवर मोठा परिणाम होता हे खरे आहे. स्पेन्सरचे म्हणणे असे की सृष्टीच्या मुळाशी जे आहे ते माणसाच्या बुद्धीला कळण्यापलीकडचे आहे. आगरकरांनी ते पत्करले. म्हणून त्यांना नास्तिक म्हणण्यापेक्षा अज्ञेयवादी म्हणणे जास्त बरोबर आहे. आम्ही बँकेत दिवसाचा हिशेब जुळवताना एखादी रक्कम कुठली हे सापडले नाही तर ती खोडून टाकत नसू, आणि अंदाजाने कोणाच्या नावावर जमाही करत नसू. सस्पेन्स खात्यात ठेवत असू, पुरावा मिळेपर्यंत. आगरकरांनी देव सस्पेन्स खात्यात ठेवला. आपल्यासारख्यांना ते पटत नाही, पण त्यात लबाडी नाही एवढे तरी मान्य करावे लागेल. लबाड माणूस सोयीप्रमाणे कुठल्या तरी खात्यात जमा करून मोकळा होतो.

पण पुस्तकांचे कारण पुरत नाही. त्याच डेक्कन कॉलेजात, त्याच सुमारास, त्याच टेकड्यांवर फिरताना आगरकरांच्या बरोबर आणखी एक विद्यार्थी होता, बाळ गंगाधर टिळक. तीच विद्या, तेच प्राध्यापक. दोघांनी मिळून ठरवले की सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढून देशकार्य करायचे. एम. ए. होण्याच्या सुमारास आगरकरांनी आईला पत्र लिहिले. मुलगा मोठी परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, आपले पांग फिटतील असे त्या माउलीला वाटत असणार. त्यांनी तिला कळवले की पैशाची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळाले की बाकीचा वेळ मी लोकांसाठी घालवणार. आपल्यातल्या कुठल्या घरातल्या आईला असे पत्र आले तर ती काय म्हणेल, विचार करून बघा. संन्यास घेणारा मुलगासुद्धा आईचा आशीर्वाद मागून जातो. इथे भगवे वस्त्र नाही, मोक्षाची आशा नाही, पुढच्या जन्मात फळ मिळेल हा भरवसाही नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. आगरकर लवकरच त्यांना मिळाले. १८८१ मध्ये केसरी निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे अशा समजुतीने केसरी आणि मराठ्यात कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध मजकूर आला, ज्या पत्रांवर विसंबून लिहिले ती बनावट ठरली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर दोघांनाही अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. त्यावर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले. कोठडीत दोघांचे वाद इतके रंगत की पहारेकऱ्यांना येऊन आवाज कमी करायला सांगावे लागे, असे सांगतात. विषय देशाचा, समाजाचा, सुधारणेचा. एकाच कोठडीत, एकच भाकरी खाऊन, एकाच सरकारचा जाच सोसून दोन मित्र बाहेर आले. त्यातल्या एकाने पुढे गणपती चौकात आणला आणि मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले. दुसऱ्याने सुधारकात देवतांची उत्पत्ती, मूर्तिपूजेचा उगम आणि सोवळ्याची मीमांसा या विषयांवर लेख लिहिले.

तेव्हा पुस्तके नाहीत, तुरुंग नाही, गरिबी नाही, आजार नाही. मग काय? याचे उत्तर मला अजून नीट सापडलेले नाही. पण दोन्ही बाजूंची जी ठरलेली उत्तरे आहेत ती मात्र या दोन माणसांपुढे टिकत नाहीत.

आगरकरांचे स्वतःचे उत्तर होते की देवाची कल्पना अज्ञानातून आणि भयातून आली. रानटी अवस्थेतल्या माणसाला स्वप्नात मेलेले बापजादे दिसले, सावली दिसली, वीज कडाडली, आणि त्याने त्यामागे अदृश्य शक्ती कल्पिली, मग तिची मनधरणी सुरू केली. आपल्या भक्तीत भयाचा भाग किती असतो हे प्रामाणिकपणे आठवले तर ही टीका अगदीच चुकीची नाही. गुरुवार चुकला म्हणून घाबरणारे आपण सगळे आहोत. पण टेंबे स्वामींचे काय? त्यांना जन्मभर संग्रहणीचा त्रास होता. मूल वाचले नाही. १८९१ मध्ये गोदावरीकाठी गंगाखेडला पत्नी अन्नपूर्णाबाई महामारीत गेल्या. दत्तप्रभूंची एवढी सेवा केलेला माणूस, माणगावला स्वतःच्या हाताने दत्तमंदिर उभे करून सात वर्षे तिथे राबलेला. भय आणि मनधरणी हाच भक्तीचा पाया असता तर मनधरणी फुकट गेली म्हणून तो इथे मोडायला हवा होता. स्वामी महाराजांनी उलट संन्यास घेतला, आणि पुढे तेवीस चातुर्मास निरनिराळ्या ठिकाणी करीत सगळा हिंदुस्थान पायी फिरले. वाहनात बसायचे नाही, पैशाला शिवायचे नाही, माधुकरी मागायची. काही मागणेच नव्हते, तर भय कशाचे? इथे आगरकरांची मीमांसा अपुरी पडते असे माझे मत आहे.

आणि आपल्या बाजूचे ठरलेले उत्तर? देव न मानणारा अहंकारी असतो, स्वैर वागायला मोकळीक हवी म्हणून तो देव नाकारतो. हे आगरकरांच्या दारात उभे राहून म्हणून दाखवावे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाचा पगार महिना पंचाहत्तर रुपये. एम. ए. झालेल्या माणसाला त्या काळात सरकारी नोकरीत त्याच्या कितीतरी पट मिळाले असते. फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये निघाले, आणि १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे गेल्यावर आगरकर त्याचे प्राचार्य झाले, तरी घरची ओढाताण काही संपली नाही. व्यसन नाही, खोटे नाही. माणसाने चांगले वागावे ते देव बघतो आहे म्हणून नव्हे, तर माणसाचे भले त्यातच आहे म्हणून, असे ते सांगत आणि तसेच वागत.

१८८७ मध्ये टिळकांशी मतभेद वाढून त्यांनी केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी स्वतःचा सुधारक काढला. इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे होती. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांचे शिक्षण, संमतिवयाचा कायदा या सगळ्यांवर त्यांनी लिहिले. आज यातले एकही मत आपल्यापैकी कोणाला पाखंड वाटणार नाही. आपल्या नाती इंजिनियर झाल्या, विधवा मुलींचे पुनर्विवाह आपण स्वतः लावून दिले. पण त्या वेळी पुण्यातल्या धर्माभिमानी मंडळींनी काय केले? आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. ती त्यांच्याच घरावरून गेली असे सांगतात. घरात बायको, लहान मुले. दम्याने धापा टाकणारा माणूस. हे करणारे लोक देव मानणारे होते, बहुधा सकाळी संध्या करून आले असतील. हे लिहिताना मला संकोच होतो, पण गाळता येत नाही. त्या दिवशी रस्त्यावर जे गेले ते आपल्या बाजूचे होते.

घरातली गोष्ट तर आणखी वेगळी आहे. यशोदाबाई उंब्रजच्या फडक्यांच्या. उंब्रजही कृष्णेकाठचेच. त्या श्रद्धाळू होत्या, देवधर्म करणाऱ्या होत्या. जगाला बुद्धीने चालायला सांगणाऱ्या नवऱ्याने बायकोच्या देवपूजेत हात घातला नाही. पटवून द्यायचे, सक्ती करायची नाही, हे त्यांचे तत्त्व स्वयंपाकघरापर्यंत खरे होते. एकाच छपराखाली देव होता आणि नव्हताही. या बाबतीत मला आगरकरांपेक्षाही यशोदाबाईंचे जास्त वाटते. बाहेर लोक नवऱ्याची तिरडी नाचवताहेत, आत आपण ज्या देवाला हात जोडतो त्याच देवाच्या नावाने ते चालले आहे, आणि नवरा तर डोळ्यांसमोर सज्जनांहून सज्जन. त्या बाईने देवापुढे काय मागितले असेल? त्यांची भक्ती तरीही सुटली नाही आणि नवऱ्यावरचा विश्वासही सुटला नाही. कोणाला ही तडजोड वाटेल. मला वाटत नाही.

गुरुचरित्राचे पारायण करणाऱ्यांना मी एक आठवण देतो. कुमसीचे त्रिविक्रमभारती नृसिंहसरस्वतींची निंदा करीत. पालखीत बसणारा हा कसला संन्यासी, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा आक्षेप खोटेपणाचा नव्हता, त्यांना यतिधर्म तसाच शिकवला होता. गुरुमहाराजांनी त्यांना धडा शिकवायला माणसे पाठवली नाहीत. स्वतः त्यांच्या गावी गेले. दुसरी कथा कोड झालेल्या नंदीनामा ब्राह्मणाची. देवीने त्याला गाणगापूरला पाठवले तेव्हा देवीला जमले नाही ते मनुष्य काय करणार, असा संशय त्याच्या मनात आला. गुरूंनी त्याला बरे केले, फक्त मांडीवर थोडा डाग राहिला, संशयाचा म्हणून. तो डागही पुढे स्तुती करवून घेऊन घालवला. संशय घेऊन आलेल्याला दारातून परत लावलेले नाही. आपण पारायण सात दिवसांत संपवतो आणि हा भाग भरभर वाचून जातो.

टेंबे स्वामी अशा वेळी काय म्हणाले असते? पूर्वसंस्कार, ऋणानुबंध, गुरुकृपेची वेळ. आस्तिक मनाला हे उत्तर पुरेसे आहे आणि मी तेच धरून चालतो. एका माणसाला वाडीला पाय ठेवताच भरून येते आणि त्याच्या सख्ख्या भावाला तिथे फक्त घाट आणि गर्दी दिसते, याला मला तरी दुसरे कारण देता येत नाही. पण एक अडचण आहे. संस्कार जन्मोजन्मीचे म्हटले, तर आगरकरांच्या ठिकाणी जो त्याग, जे सत्य, जी निःस्पृहता होती ती कुठल्या जन्मीची? ती काही वाईट संस्कारांतून येत नाही. सद्गुण पूर्वपुण्याईचे आणि अश्रद्धा पूर्वपापाची, अशी एकाच माणसाची दोन खाती कशी करायची?

१८९५ च्या उन्हाळ्यात दम्याने त्यांना अंथरुणाला खिळवले. वय चाळीससुद्धा नव्हते. अशा वेळी भलेभले वळतात. गंगाजल मागतात, जप लावतात, आणि त्यात मी काही चूक मानत नाही. आगरकर वळले नाहीत. १७ जून १८९५ रोजी ते गेले. त्यांच्या उशाशी एक लहानशी पुडी सापडली, तीत थोडे रुपये होते आणि ते आपल्या अंत्यसंस्काराच्या खर्चासाठी ठेवले आहेत असे त्यांनी लिहून ठेवले होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांतून सांगतात. मरणानंतर कोणावर आपला बोजा पडू नये. इतकी वर्षे लोकांच्या खात्यांवर काम केले, मी अनेकांची वारसपत्रे पाहिली, लाखांची बाकी असून क्रियाकर्माच्या खर्चावरून भांडणारी मुले पाहिली. अशी पुडी ठेवणारा खातेदार मला भेटला नाही.

टिळकांनी केसरीत मृत्युलेख लिहिला. सात-आठ वर्षांचे हाडवैर होते, दोन्ही पत्रांतून एकमेकांवर झोड उठवून झाली होती. तो लेख सांगताना टिळकांचा कंठ दाटून येत होता आणि लेख पुरा व्हायला फार वेळ लागला असे म्हणतात. यशोदाबाई मागे राहिल्या, आणि पुढे त्यांनी नवऱ्याच्या आठवणी सांगितल्या. स्वामी महाराज त्या वेळी उत्तरेत पायी फिरत होते. १९१४ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला नर्मदाकाठी गरुडेश्वरला ते समाधिस्त झाले.

कराडची बदली संपायच्या आधी एका रविवारी मी टेंभूला जाऊन आलो. नदीला पाणी बेताचे होते. काठावर एक बाई कपडे धूत होत्या, त्यांना मी आगरकरांचे घर कुठले म्हणून विचारले. त्यांनी हाताने दिशा दाखवली आणि मी देवदर्शनाला आलो असावा असे समजून देवळाची वाटही सांगितली. मी दोन्हीकडे गेलो. संध्याकाळच्या गाडीने भिलवडीला उतरून औदुंबरला पोचलो तेव्हा शेजारतीची तयारी चालली होती.